एकदम तापवायचं नाही

रविवार, मार्गशीर्षातला. स्थळ: बुलढाणा, भाऊजींची बैठकीची खोली. हजर: साखरखेर्ड्याहून आलेले मुलाचे वडील, आई, आत्या आणि स्वतः मुलगा निखिल. आमच्या बाजूने मी, माझे यजमान, जिला बघायला पाहुणे आले होते ती स्नेहल, आणि तिचे वडील, म्हणजे आमचे भाऊजी. याखेरीज टीपॉयच्या बरोबर मधे, पोह्यांच्या बशांना जागा न ठेवता, एक वस्तू हजर होती. हातभर लांब, नारळाएवढी जाड, एकोणीस नळ्यांची स्टीलची मोळी. ती माळ्यावर टाका असं मी भाऊजींना आदल्या दिवशी बजावलं होतं आणि माझ्या यादीत त्या कामापुढे बरोबरची खूणही केली होती. खूण झाली, मोळी मात्र जागची हलली नाही.

त्या रविवारी काय घडलं ते सांगायचं तर आधी भाऊजी सांगावे लागतात. घाटावर आणि घाटाखाली मिळून अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात असा दुसरा माणूस नाही, जो कुठलीही वस्तू हातात आली की आत काय आहे ते न बघता आधी तिची साल बघतो. आपण आंब्याचा वास घेतो, भाऊजी आंब्याच्या सालीवर बोट फिरवतात. आपण पुस्तक उघडतो, भाऊजी त्याची बांधणी ओढून बघतात. नवा माणूस भेटला की आपण त्याचं गाव विचारतो, भाऊजी त्याच्या स्वेटरच्या शिवणीचा धागा कुठे सुटलाय ते सांगतात. ते माझ्या मोठ्या मावसबहिणीचे यजमान. मूळचे सोनाळ्याचे, नोकरी सगळी राज्याबाहेर झाली, निवृत्तीनंतर बुलढाण्यात घर बांधलं. घर बांधून दोन वर्षं झाली नाहीत तोच ताई गेली. तेव्हापासून त्या घरात भाऊजी, स्नेहल आणि ती मोळी.

नोकरी होती अणुभट्टीचं इंधन तयार करणाऱ्या कारखान्यात. हे वाक्य ऐकलं की लोक दोन पावलं मागे सरकतात, म्हणून लगेच खुलासा करते. अणुभट्टीत जे जळतं ते म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या काळ्या कडक गोळ्या. त्या एकामागे एक पातळ नळीत भरतात, नळीची दोन्ही तोंडं वितळवून बंद करतात, अशा नळ्यांची मोळी बांधतात आणि मोळी भट्टीत सरकवतात. भोवतीने पाणी खेळतं, ते तापतं, त्या तापावर वीज. गोळीच्या पोटात हजाराच्या वर अंश, बाहेरचं पाणी तीनशेच्या आसपास, आणि दोघांच्या मधे लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याएवढी जाड भिंत. भाऊजींनी जन्मभर ती भिंत तपासली. ती झिर्कोनियम नावाच्या धातूची असते. स्टीलची का नाही, असं मी एकदा विचारलं. त्याचं उत्तर मला समजावं म्हणून माझ्या पातळीवर उतरून ते म्हणाले, "आतला इस्तव ज्या कनांवर चालते, ते कन स्टील मधल्या मधे गिळून टाकते. झिर्कोनियम जाऊ देते. घरातल्या म्हाताऱ्यानं असं असावं पाह्य कुंदा. पोरं आतबाहेर करतेत, करू द्यावं. पन घर फुटू देऊ नये." टीपॉयवरची मोळी निवृत्तीच्या वेळी सहकाऱ्यांनी दिलेली नक्कल होती. नळ्या स्टीलच्या, आतून पोकळ, फुंकर मारली तर बासरीसारख्या वाजणाऱ्या.

बाजारात त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे अर्धा दिवस गेला. वांगी घ्यायला ते खिशातला टॉर्च आणि भिंग घेऊन बसतात. प्रत्येक वांगं फिरवून, देठापाशी दाबून, उजेडात तिरपं धरून. छिद्र दिसलं की ते वांगं विकणारीलाच परत दाखवतात आणि अळी कधी शिरली असेल याचा अंदाजही सांगतात. एका बाईने शेवटी तराजू खाली ठेवला आणि विचारलं, "सायेब, वांगं घेता का वांग्यासंग सोयरीक करता?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "सोयरिकीले इतकं पाह्यत नाहीत, बाई. म्हनून तर पुढं भानगडी होतेत." त्यांनी अर्धा किलो वांगी घेतली. ताईने भरलेली वांगी केली असती तर ती चिरावी लागली असती, आणि इतक्या तपासलेल्या सालीला सुरी लावायला त्यांनी परवानगी दिली असती की नाही, मला शंका आहे.

दिवाळीच्या करंज्यांवर तर त्यांचा विशेष जीव. त्यांच्या मते करंजी आणि इंधनाची नळी यांत तत्त्वतः काही फरक नाही. आत सारण, बाहेर पातळ साल, कडा बंद, आणि सगळं उकळत्या तुपात. एक करंजी फुटली की सारण तुपात पसरतं, तूप काळं पडतं आणि मागून येणाऱ्या निर्दोष करंज्यांनाही डाग लागतात. "भट्टीतही असंच," ते म्हणत. "एका नळीले सुईएवढं भोक, आन् सगळं पानी खराब." म्हणून ताई करंज्या करायला बसली की हे भिंग घेऊन समोर. सारण गच्च भरू नको, तापल्यावर आतला माल फुगतो आणि साल आवळते, मधे फट ठेव, असं बजावून बजावून त्यांनी ताईकडून इतक्या सावध करंज्या करवून घेतल्या की त्यांच्या घरची करंजी कानाशी हलवली तर खुळखुळ्यासारखी वाजायची. एका दिवाळीत ताई फोनवर बोलायला उठली, तेवढ्यात यांनी ताटातल्या कच्च्या करंज्या पाण्याच्या पातेल्यात बुडवल्या. ताईने परत येऊन विचारलं, हे काय. "गळती पाहून राह्यलो. बुडबुडे निघाले का समजते." ताईने पातेल्यात बघितलं. करंज्यांचं पिठलं झालं होतं. ती एवढंच म्हणाली, "निघाले का बुडबुडे?" त्या वर्षी आम्हा सगळ्यांकडे फराळाच्या डब्यात फक्त शंकरपाळे आले.

हाताच्या तेलाचंही तसंच. नळीत गोळ्या भरताना आत थोडी ओल राहिली किंवा बोटाचं तेल लागलं, तर त्यातून हायड्रोजन सुटतो, तो धातूत शिरतो आणि धातू आतून ठिसूळ होतो. वरून चकचकीत, आणि एक दिवस तडा. हे सत्य त्यांच्या मनात इतकं खोल गेलंय की त्यांच्या दारात पायपुसण्याआधी साबण आहे. मोळीला हात लावायचा तर हातमोजे. आता ती नुसती शोभेची नळी, तिला कोण जाळणार आहे, असं म्हणून उपयोग नाही. गॅसचं सिलिंडर देणारा पहिल्यांदा आला तेव्हा भाऊजींनी त्यालाही हात धुवायला लावले. तो म्हणाला, "काका, मी टाकी द्याले आलो, पंगतीले नाही." पण धुतले. भाऊजी मोठ्या आवाजात कधी बोलत नाहीत, आणि हळू बोलणाऱ्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड जातं.

गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंचं वेल्डिंगचं दुकान आहे. भाऊजींच्या घराचं गेट त्यांनीच केलं. गेट बसवून झाल्यावर भाऊजींनी प्रत्येक जोडावर भिंग फिरवलं, खडूने गोल केले, आणि जिथे जिथे बारीक छिद्र दिसलं तिथे पुन्हा जोड मारायला सांगितला. सलीमभाईंनी पहिला गोल भरला, दुसरा भरला, आणि मग हातातला मुखवटा काढून ते ओट्यावर बसले. "साब," ते म्हणाले, "ये भैंस रोकने का गेट है. इसमें से हवा गई तो भी भैंस नहीं जाती." भाऊजींना हे पटलं नाही, पण आवडलं. तेव्हापासून दोघांचा रोजचा चहा एकत्र असतो. सलीमभाई कुणाच्या खिडकीचं, कुणाच्या पाळण्याचं काम आणतात, भाऊजी त्यावर खडूने गोल करतात, आणि गिऱ्हाईक यायच्या आत सलीमभाई ते गोल पुसतात.

पण भाऊजींचा सगळ्यात मोठा नियम या सगळ्याच्या वर आहे: एकदम तापवायचं नाही. भट्टीची ताकद एका झटक्यात वाढवली तर आतली गोळी चटकन फुगते, भोवतीच्या नळीला अंग सैल करायला वेळ मिळत नाही, आणि ती चिरते. म्हणून थोडं वाढवायचं, थांबायचं, नळीला सवय होऊ द्यायची, मग पुन्हा थोडं. हा नियम त्यांनी घरातल्या झाडून सगळ्या वस्तूंना लावला आहे. पंख्याचं बटण एकावरून दोनवर न्यायचं तर मधे पेपरचं एक पान वाचून होतं. टीव्हीचा आवाज ते बातम्या सुरू झाल्यावर वाढवायला लागतात आणि तो ऐकू येण्याजोगा होईपर्यंत हवामान लागतं. मलकापूरहून येताना ते बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसतात आणि घाट लागला की पुढे वाकून "हळूहळू, हळूहळू" म्हणतात. आनंदाच्या बातमीलासुद्धा सुटका नाही. स्नेहलचा बी.फार्म.चा निकाल त्यांनी तिच्या आधी बघितला. सकाळी तिला सांगितलं, पास झालीस. जेवताना सांगितलं, फर्स्ट क्लास आहे. दिवेलागणीला सांगितलं, कॉलेजात पहिली आलीस. दिवसभर पोरगी सेकंड क्लासच्या दुःखातून हळूहळू वर येत राहिली. ताई तेव्हा असती तर तिने सकाळीच पेढे आणले असते आणि निकाल पेढेवाल्याकडून कळला असता.

तर अशा माणसाच्या मुलीचं लग्न जमवायचं काम माझ्याकडे आलं. ताई नाही, म्हणजे मावशीनेच बघायचं. मी शाळेत पर्यवेक्षिका आहे. परीक्षेची बैठकव्यवस्था, सहलीच्या बसेस, स्नेहसंमेलनाचं जेवण, हे सगळं मी वेळेवर पार पाडते, आणि एक लग्न म्हणजे स्नेहसंमेलनाहून अवघड काय असणार असं मला वाटलं होतं. पहिलं स्थळ उत्तम होतं. माणसं आली, पोहे झाले, हसली, गेली, आणि चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. दुसरं स्थळही तसंच. त्यांनी तर पत्रिका मागितलीच नव्हती, तरी ती जुळली नाही. मध्यस्थाला मी जरा खोदून विचारलं तेव्हा खरं काय ते समजलं. मुलीचे वडील अणूच्या कारखान्यात होते म्हणतात, तसल्या माणसांच्या पोराबाळांमध्ये काही उतरत असेल तर, उगाच कशाला विषाची परीक्षा.

हे मी स्नेहलला सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मावशी, बाबांना कळू द्यायचं नाही. ज्या कामाचा त्यांना एवढा अभिमान आहे त्याच्यामुळे माझं लग्न मोडलं असं त्यांना कळलं तर ते ती मोळी विहिरीत टाकतील, आणि मग आमच्या घरात बोलायला काही उरणार नाही." पुढे ती म्हणाली की साखरखेर्ड्याचं हे स्थळ जमलं तर ठीक, नाहीतर हा विषय ती कायमचा बंद करणार आहे. ती असं बोलली की तसंच करते. साल तपासून निघालेली मुलगी आहे.

म्हणून मी बंदोबस्त केला. भाऊजींना सांगितलं की पाहुण्यांसमोर फक्त सोयाबीनचे भाव, थंडी आणि स्नेहलची नोकरी, एवढे तीन विषय. कारखाना हा शब्द नको. कुणी विचारलंच तर सरकारी नोकरीत होतो म्हणायचं. "काऊन?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, लोकांना तांत्रिक बोलणं कळत नाही, कंटाळतात. ते जरा हिरमुसले, पण "हाव, नाही बोलत" म्हणाले.

सोयाबीन छान चाललं होतं. मुलाचे वडील अडतीचे व्यापारी, त्यांना त्या विषयात गती. मग थंडी झाली. मग आत्याबाईंनी पोह्यांची बशी ठेवायला जागा शोधली आणि ती मोळीवर अडली. आत्याबाई अंगाने बारीक, बोलायला धारदार, आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा, हे खोलीत शिरल्यापासूनच स्पष्ट झालं होतं. "हे काय हाय?" त्यांनी विचारलं. माझे यजमान म्हणाले फुलदाणी. त्यांचा हेतू चांगला होता. पण भाऊजींना काहीही सहन होतं, चुकीचं नाव सहन होत नाही.

"फुलदानी नाही," ते म्हणाले, आणि मोळी काय आहे ते सांगायला लागले. गोळी सांगितली, नळी सांगितली, झिर्कोनियम सांगितलं, मधली फट सांगितली. मी डोळ्यांनी खुणावत होते. ते माझ्याकडे न बघता कडेच्या जोडावर आले. मुलाची आई मुलाच्या वडिलांकडे बघायला लागली. स्वयंपाकघराच्या दारात स्नेहल चहाचा ट्रे धरून उभी होती.

"मला नळी नका सांगू," आत्याबाई म्हणाल्या. "मी सरळ विचारते, राग मानू नका. लोकं म्हणतेत, त्या कारखान्यातल्या माणसाच्या अंगात ते शिरतं, मंग लेकराबाळात उतरतं. खरं हाय का?"

भाऊजी थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दारातल्या स्नेहलकडे, आणि आधीच्या दोन पत्रिका का जुळल्या नाहीत ते त्यांना तिथल्या तिथे समजलं. ते समजताना मी बघितलं. मला वाटलं आता उठतील. ते उठले नाहीत. मोळी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी खाली जमिनीवर ठेवली, म्हणजे बशीला जागा झाली, आणि म्हणाले, "बरं झालं इचारलं."

मग ते नेहमीपेक्षाही हळू बोलले. "ही तिच्या आईच्या पोटात होती तवा तिच्या आईनंही मले हाच सवाल केला होता. मी तिले सांगितलं, जळायच्या आधी ती गोळी गरीब असते, हातमोजे घालून धरता येते. तिचा विखार भट्टीत गेल्यावर सुरू होते, आन् तिथं मानूस हात घालतच नाही, जाड भिंतीआडून यंत्र काम करते. माहं काम जळायच्या आधीचं. तरी सगळ्याइच्या छातीवर बिल्ला असे, कोनाले किती लागलं ते त्याच्यात उमटे. माह्या बिल्ल्यात काळजीसारखं कधी आलं नाही. हे सगळं मले ठाऊक होतं. मी दुसऱ्याइले शिकवत होतो. तरी ही झाली त्या दिवशी दवाखान्यात मी हिची बोटं मोजली. मोजून झाल्यावर पुन्हा मोजली. म्हनून तुमचा राग नाही येत मले."

आत्याबाईंनी विचारलं, "किती भरली?"

"हाताची दहा, पायाची दहा."

"मंग झालं की." त्यांनी पोह्याचा घास घेतला. "आमच्या निखिलची मीबी मोजली होती. आमचा तर कुठं कारखाना नव्हता."

त्यानंतर त्या माझ्याकडे वळल्या, आणि पुढची पाच मिनिटं फक्त माझी होती. माणूस एवढं सरळ सांगतो, मग तुम्ही मध्यस्थाजवळ सरकारी नोकरी सरकारी नोकरी कामून करत होतात, फुलदाणी कामून म्हणालात, असं झाकलं की नसलेलंबी दिसायला लागतं. मी शाळेत ज्या सुरात बोलते तो सूर समोरून ऐकताना कसा लागतो, ते मला त्या दिवशी कळलं. माझे यजमान खिडकीतून बाहेर बघत होते. बोलून झाल्यावर आत्याबाईंनी वाकून मोळी मांडीवर घेतली, पोह्यांच्या तेलकट बोटांनी एकेक नळी दाबून बघितली आणि एका नळीत फुंकर मारली. भाऊजींनी हातमोज्यांचं नाव काढलं नाही.

आता सगळं जमलं असं मला वाटलं, आणि तिथेच घोटाळा झाला. मुलाच्या वडिलांनी मांडीवर थाप मारली. "आम्हाला पोरगी पसंत. आता दुसरी चक्कर कशाला? साडी आणली हाय, नारळ हाय. लगे हात साक्षगंध उरकून टाकू." मुलाच्या आईने पिशवीतून साडी काढलीसुद्धा. आमच्याकडे असं होतंच, पसंती पडली की त्याच बैठकीत कुंकू लावून साखरपुडा. मी मनातल्या यादीवर खूण करणार, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "नाही."

साडी हवेत राहिली.

"नाही म्हंजे पोरगा चांगला हाये," भाऊजी म्हणाले. "पन आज नुसता चहा. पुढच्या महिन्यात तुमच्याकडं आमी जेवू. मंग थोडं थांबू. मंग पोरं दोघं बोलतीन. मंग थोडं थांबू. एकदम तापवाचं नाही."

मुलाचे वडील भाऊजींना व्याही ठरवूनच म्हणाले, "इवाई, आमच्या धंद्यात भाव लागला की माल उचलतेत. ठेवला की भाव पडतो."

"आमच्या धंद्यात उचलला की फुटते," भाऊजी म्हणाले.

हे किती वेळ चाललं असतं सांगता येत नाही. मुलाच्या वडिलांचा चेहरा उतरायला लागला होता. सोबत आणलेली साडी परत घेऊन जाणं म्हणजे साखरखेर्ड्यात चारचौघांत खाली बघणं. आत्याबाईंनी मोळी खाली ठेवली. मी भाऊजींच्या कानाशी जाऊन म्हटलं, पोरीचा विचार करा. ते म्हणाले, "तोच करून राह्यलो." आणि ते खरंच होतं. हा माणूस हट्ट करत नव्हता. जी गोष्ट त्याला सगळ्यात नाजूक वाटत होती, तिला तो जन्मभर शिकलेल्या एकुलत्या एका रीतीने जपत होता.

तेव्हा स्नेहलने ट्रे खाली ठेवला. "बाबा," ती म्हणाली, "आम्ही वर्षभरापासून बोलतोय."

माझ्या तोंडून "कोण आम्ही?" एवढं बाहेर पडलं. म्हणजे मी जे स्थळ शोधून काढलं, मध्यस्थ गाठला, फोटो पाठवला, ते दोघांनी मिळून माझ्यापर्यंत पोचवलं होतं, आणि मी दोन महिने स्वतःच्या पाठीवर थाप मारत होते. मुलाचे वडील निखिलकडे बघत होते. निखिल फरशीकडे.

भाऊजींनी मात्र खुर्ची पुढे ओढली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तपासणीचा भाव होता. "कसं बोलले? सुरुवातीले किती?"

निखिल मान खाली घालून म्हणाला, "सुरुवातीला नुसतं गुड मॉर्निंग."

"किती दिवस?"

"बरेच दिवस. मग तिनं एकदा विचारलं, जेवलात का."

"मंग?"

"मग थांबलो थोडं. मला वाटलं तिला आवडलं नसेल. मग होळीला फोन केला."

"मधे कधी भांडन झालं?"

"दोनदा," स्नेहल म्हणाली.

"तवा काय केलं? वाढवलं का कमी केलं?"

"कमी केलं. काही दिवस परत गुड मॉर्निंगवर."

भाऊजी खुर्चीत मागे टेकले. एवढं समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर फक्त एकदाच बघितलं होतं, सलीमभाईंनी एक जोड पहिल्याच झटक्यात बिनछिद्राचा मारला तेव्हा. "मंग इवाई," ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, "यायनं तर भट्टी आधीच चढवत आणली. आपन उगाच बाहेर भांडून राह्यलो. आना ती साडी."

साक्षगंध झालं. आत्याबाईंनी स्नेहलला कुंकू लावताना तिचा हात हातात धरला आणि सगळ्यांसमोर, हसत, बोटं मोजली.

वैशाखात लग्न झालं. भाऊजींनी आचाऱ्याच्या जिलब्या तपासल्या नाहीत, मांडवाच्या खांबांवर खडूने गोल केले नाहीत, एका खुर्चीत बसून होते. पाठवणीच्या वेळी रडले नाहीत, फक्त गाडीचं दार नीट लागलंय का ते बाहेरून दाबून बघितलं. स्नेहल आता अकोल्याला असते, तिथे निखिलची बँक आहे आणि तिला औषध कंपनीत काम मिळालंय. परवा तिचा फोन आला. बाबा एकटे आहेत, नीट जेवत नाहीत असं सलीमचाचा सांगतात, आमच्याकडे एक खोली रिकामी आहे, निखिलच म्हणतो आणा म्हणून. मी विचारलं तर नाही म्हणतील, मावशी तू विचार, असं तिचं म्हणणं. मी हो म्हटलं. हे काम माझ्या यादीत सगळ्यात वर आहे.

त्याच संध्याकाळी मी गेले. भाऊजी ओट्यावर बसले होते. कप दोन होते, सलीमभाई नुकतेच उठून गेले होते. इकडचं तिकडचं झालं. मी विषय काढायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "कुंदा, भट्टीतून काढलेल्या मोळीचं काय करतेत, तुले कधी सांगितलं का मी?" नाही म्हटलं. खरं तर त्या मोळीबद्दल त्यांनी मला सांगायचं ठेवलेलं असं काही असेल यावर माझा विश्वास बसला नसता.

"जळून झाली, काम संपलं, म्हनून बाहेर काढतेत," ते म्हणाले. "पन आतली ऊब जात नाही. जळनं बंद झालं तरी ते तापतच राह्यते, किती तरी वर्षं. तिले लगेच इकडं तिकडं नेत नाहीत. मोठा हौद असते, खोल, त्याच्या पान्यात ठेवतेत. नुसती ठेवतेत. निवू देतेत. मंग पाह्यतेत कुठं न्यायचं ते."

मग ते आत गेले आणि माझ्यासाठी चहा ठेवला. गॅस इतका बारीक की पाणी उकळायला बराच वेळ लागणार होता. मी बसून राहिले. स्नेहलचे तेव्हापासून दोन फोन येऊन गेले आहेत. भाऊजींना अकोल्याचं विचारायचं अजून राहिलंय.